महागड्या यंत्राचे खिळे

लेकीनं पाठवलेलं महागडं यंत्र घेऊन फोरमन मैदानावरून परतले, तेव्हा आजही त्यांच्या पिशवीत खिळेच होते.

"घे, तुझ्या लेकीच्या पैशांचं सोनं!" म्हणत त्यांनी पिशवी पायरीवर ओतली.

बायकोनं खिळे सुपलीत भरले.

उभी हयात पत्रे ठोकणाऱ्या प्रेसच्या दणदणाटात काढलेला हा माणूस. निवृत्त झाल्यावर एक स्वस्तातलं धातुशोधक यंत्र घेतलं आणि जुन्या बाजाराच्या मैदानात हरवलेली नाणी शोधायचा नाद लागला. मुठीला चिकटपट्ट्या गुंडाळलेलं ते यंत्र नाणं असो की बाटलीचं झाकण, सगळ्याला सारखंच 'घूंऽ' करायचं. खणून खणून कंबर मोडायची, पण मधूनच एखादं नाणं हाती लागायचं. ते पुसून खिडकीत मांडताना फोरमन लहान मुलासारखे हसायचे.

नवं यंत्र हुशार होतं. लोखंड लागलं की खर्जात गुरगुरायचं आणि नाणं लागलं की बारीक, उंच आवाजात किणकिणायचं. त्याच्यावर आकडेही उमटत, पण उन्हात ते फोरमनना कुठले दिसायला!

"आई, बाबा मुद्दाम करतात," लेक फोनवर रडवेली होऊन म्हणाली. "खिळे टाळता यावेत म्हणून तर एवढं महाग घेतलं. मी दिलेलं त्यांना चालतच नाही. द्या पाठवून परत."

"काय म्हणतेय?" फोरमननी विचारलं.

"तुम्हीच बोला की."

"नको. हल्ली ती पुटपुटते. शब्द गिळते."

बायको थबकली. लेकीचा आवाज पहिल्यापासून बारीक, पण खणखणीत. बायकोचा मात्र घोगरा. त्यावरून सासरी चेष्टा व्हायची. तो घोगरा आवाज यांना बरोबर ऐकू येत होता. आणि दाराची बेल? 'बिघडली' म्हणून यांनी ती दोनदा बदलली होती.

दुसऱ्या दिवशी ती मैदानावर सोबत गेली.

"तू कशाला? गुडघ्यांचं काय?"

"गुडघे माझे आहेत. चला तुम्ही."

यंत्र स्वच्छ किणकिणलं. फोरमन तसेच पुढे गेले. थोड्या अंतरावर पुन्हा किणकिणलं, तरी ते चालतच राहिले. मग यंत्र गुरगुरलं आणि फोरमन लगबगीनं गुडघ्यांवर बसून खणू लागले. खिळा निघाला.

पुढच्या किणकिणाटाला तिनं त्यांच्या कोपराला हात लावला. "इथं खणा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं खणलं. काळवंडलेलं चांदीचं नाणं निघालं. या वेळी ते हसले नाहीत.

"तुला कधी कळलं?"

"काल. तुम्हाला?"

ते अंगठ्यानं नाणं चोळत राहिले. "हट्टी म्हटलेलं परवडतं गं. बहिरा म्हटलं की माणसं ओरडून बोलतात, नाहीतर बोलायचंच सोडतात."

"आणि लेक तिकडे रडतेय, त्याचं काय?"

संध्याकाळी फोन त्यांनीच लावला. "बाळ, यंत्र फार चांगलं आहे. परत नाही पाठवायचं. माझेच कान गेलेत. बारीक आवाज येत नाहीत... तुझासुद्धा."

फोन कानाशी घट्ट दाबून ते बराच वेळ थांबले. मग तो बायकोपुढे धरला.

"बोलतेय का गं ती?"

तिनं ऐकलं. पलीकडे नुसता श्वास होता.

"अजून नाही," ती म्हणाली आणि फोन त्यांच्या हातात परत दिला. "ठेवू नका. थांबा जरा."