मधे मरिया काहून?

अकोला-अमरावती एसटीत माझ्या शेजारी एक बाई जपमाळ ओढत होती. कंडक्टर आला तेव्हाही चालू मणी तिने चिमटीतून सुटू दिला नाही. पलीकडच्या सीटवर मांडीवर बायबल घेतलेला माणूस होता. त्याने विचारलं, "तुमी कॅथलिक लोक मधे मरियेले काहून आणता? आमी प्रोटेस्टंट थेट येशूले सांगतो."

"आमच्यासाठी प्रार्थना कर, एवढंच म्हणतो तिले," ती म्हणाली.

"बायबलात नाही तसं."

तिने पुढचा मणी ओढला.

बडनेऱ्याला उतरताना तो तिच्यापाशी थांबला. "बाई, पोरगी दवाखान्यात हाय माही. तिच्यासाठी प्रार्थना करजा."

"करीन. मरियेलेबी सांगू काय?"

त्याने जपमाळेकडे पाहिलं.

"रूथ नाव हाय पोरीचं," तो म्हणाला आणि उतरला.