मामाचा उतार

गेवराईकडचा गोदाकाठ पायी हिंडायचा, हे खूळ माझंच. नदीत काय बघायचंय, असं मामा रात्री म्हणाला होता, पण सकाळी माझ्याआधी चपला घालून तोच दारात उभा.

ऊस संपला की नदी एकदम समोर येते. निवळशंख पाणी, पलीकडे गहू, वाळूवर टिटव्या. मी तर हरखूनच गेले. फक्त मामाच्या शेतातून नदीत उतरलेल्या ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या डोळ्यांत खुपल्या. विचारलं तर म्हणाला, गावातलीच माणसं, वाट मागितली, दिली. वाळू ते लांब, वळणापलीकडं काढतात. मला काही ते पटलं नाही, पण मामाशी वाद कोण घालणार!

पलीकडच्या काठावर महादेवाचं देऊळ आहे. तिथे पायी जायचा उतार, नदीतली उथळ वाट, मामाला पाठ. लहानपणी आम्हा भाचरांना तो रांगेने न्यायचा. नियम एकच, पुढच्याच्या पावलात पाऊल. आताही तेच बजावलं. पन्नाशीला आलेली मी निमूट सलवार वर करून मागे निघाले.

पाणी गुडघ्याएवढं. मामा मागे वळून मला चिडवत होता, आणि बोलता बोलता दिसेनासा झाला. पाण्यावर नुसती टोपी. मग त्याचा हात वर आला. मी ओढणी फेकली, त्याने धरली, आणि कसं कोण जाणे, मी त्याला मागे ओढलं.

तो वाळूत बसून खोकत होता. मी काठावर नजर फिरवली. चाकोऱ्या वळणाकडे गेल्याच नव्हत्या. सरळ उताराशी येऊन पाण्यात शिरल्या होत्या. येताना मी पाखरं बघत होते, आणि तो माझी थट्टा करत होता.

"हितं कवाच खड्डा नव्हता," तो म्हणाला.

मला रडू फुटलं. तो देवळाकडे बघत राहिला.

"उद्या सोमवार हाय. तुजी मामी हितूनच जाती. एकलीच."

कपडे बदलायलाही तो थांबला नाही. ओल्या धोतरानेच बाभळीच्या फांद्या तोडल्या आणि स्वतः दिलेली वाट काट्यांनी बंद केली. मामीला सांगायला मात्र त्याने मला पुढे घातलं. घरापर्यंत तो माझ्या पावलात पाऊल टाकत मागून आला.