ताईला पाठवायचे पैसे

"पोरगी फॉरेनला दिल्यावर पैसं हिकडं येत्यात ना गं? ह्यांचं हिकडनंच चाललंय."

माझ्या मागे उभी असलेली बाई हे तिच्या सोबतिणीला म्हणाली. आवाज खाली घ्यावा असं काही तिला वाटलं नाही. दौंडच्या बाजारातलं झेरॉक्स आणि रिचार्जचं दुकान होतं ते. काचेवर जगाचा नकाशा चिकटवलेला आणि खाली 'परदेशी पैसे' असं मोठ्या लाल अक्षरांत. तेवढं वाचूनच मी आत शिरले होते.

"पाठवायचेत," मी हळू म्हटलं होतं.

"आलेत ना? नंबर सांगा," दुकानदार मान खालीच ठेवून म्हणाला.

"आले नाहीत. इथून पाठवायचेत. इंग्लंडला."

तेव्हा कुठे त्यानं वर बघितलं. "ताई, हितं फक्त येत्यात. जायाची सोय न्हाई." आणि मागचं ते वाक्य.

मी वळून त्या बाईकडे बघितलंही नाही. खाली मान घालून बाहेर पडले आणि कुरकुंभच्या बसमध्ये बसल्यावर मनातल्या मनात तिला चार गोष्टी सुनावल्या. हे माझं नेहमीचंच. कुरकुंभच्या एका कंपनीत मी डिस्पॅचची कागदपत्रं टाइप करायचे आणि दिवसभरात माझ्या तोंडून वीस वाक्यंही निघत नसतील. घरी मात्र माझी ओळख 'इंग्लिश मीडियमची' अशी होती. त्यामुळे इंग्रजीत लिहिलेलं जे काही घरात येईल, गॅसच्या पुस्तकापासून वडिलांच्या रेल्वेच्या पत्रांपर्यंत, ते माझ्यासमोर टाकलं जायचं. इंग्लंडला पैसे पाठवायचं कामही तसंच टाकलं गेलं.

दोन हजार पाचच्या आसपासची ही गोष्ट. माझ्या मोठ्या बहिणीला, ताईला, तिच्या नवऱ्याचं घर सोडायचं होतं. ती तिकडे एका वृद्धाश्रमात काम करायची आणि तिचा पगार नवऱ्याच्या खात्यात जायचा. रोज सकाळी तो तिच्या हातावर बसच्या भाड्यापुरती नाणी ठेवायचा. जानेवारीत एका संध्याकाळी त्यानं तिला घरातल्या कपड्यांवर दाराबाहेर उभं केलं आणि आतून कडी लावली. शेजारच्या बाईनं बेल वाजवली तेव्हा दार उघडलं. हे ताईनं मला फोनवर इंग्रजीत सांगितलं, कारण फोनला कान लावून आई शेजारीच बसलेली होती. शाळेत फी भरून शिकवलेलं इंग्रजी आम्हा दोघींना शेवटी आईपासून लपवायला उपयोगी पडलं.

लपवून किती लपणार. आईला कळलं, मग वडिलांना. ताईला कामावरच्या एका मैत्रिणीनं ताईच्याच नावाचं वेगळं खातं उघडून दिलं होतं आणि एक खोली बघून ठेवली होती. खोलीवाल्या बाईला डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं भाडं आधी हवं होतं, तेही पूर्ण. आईनं पोस्टातली आरडी मोडली. वडिलांनी एकच अट घातली. "बाहेर कुणाला कळता कामा नये. कोणी विचारलं तर तिचा कोर्स आहे म्हणायचं."

दौंडच्या बँकेत म्हणाले, हे काम पुण्याच्या मोठ्या शाखेत. मी रजा टाकून पुण्याला गेले. तिथल्या साहेबांनी फॉर्म पुढे सरकवला आणि विचारलं, "कारण?"

"शिक्षण," मी म्हटलं. वडिलांनी शिकवून पाठवलेलं.

"मग अ‍ॅडमिशनचं पत्र द्या."

"ते... आणलं नाही."

"मग शिक्षण कसं लिहिता? नातेवाइकाला भेट असं लिहा. कोण लागतात तुमच्या?"

"बहीण."

"लग्न झालंय?"

"हो."

"आणि मिस्टर काय करतात त्यांचे? तिकडेच असतात ना?" असं म्हणून ते शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडे बघून हसले. "पाठवणारं माहेर प्रथमच बघतोय."

फॉर्मवर असा रकानाच नव्हता. माझ्या बहिणीचा नवरा काय करतो हे कुठल्याही रकान्यात विचारलेलं नव्हतं. मी फॉर्म भरत राहिले. भिंतीवरच्या बोर्डावर पौंडाचा एक भाव होता आणि माझ्या कागदावर त्यांनी दुसराच, चांगला जास्तीचा लिहिला. मी बोट ठेवलं तेव्हा म्हणाले, "तो बोर्डावरचा वेगळा, हा तुमचा." त्यावर कमिशन, त्यावर पाठवायचा खर्च. मी सही केली.

सगळं मिळून आरडी संपली. आणि ताईच्या खात्यात पैसे पोचले ते कमी. इथल्या आणि तिथल्या बँकेच्या मध्ये आणखी एक बँक असते आणि ती वाटेत आपला वाटा कापून घेते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. साहेबांना फोन केला तर म्हणाले, "ते असतंच. तुम्ही विचारलं नाही." मला माहीतच नसलेल्या बँकेबद्दल मी काय विचारणार होते? मी फोन आपटला. आई म्हणाली, "अगं, खा काहीतरी." मी तिच्यावरच ओरडले.

खोलीवाली बाई अपुरे पैसे घ्यायला तयार नव्हती. तिच्याकडे दुसरी एक मुलगी येऊन खोली बघून गेली होती. बाकीचे पैसे आठवड्यात आणले नाहीत तर खोली तिला, असं ती म्हणाली. जी रक्कम कमी पडत होती ती फार नव्हती. पण ती पाठवायचा बँकेचा खर्च जवळजवळ तेवढाच होता, कारण थोडे पाठवा की जास्त, तो तसाच लागतो. वर मधली बँक पुन्हा कापणार. किती कापणार ते कोणालाच सांगता येत नव्हतं. पैसे पाठवायला एवढे पैसे लागतात, हे ऐकून वडील माझ्याकडे असे बघत राहिले, जणू माझ्याच इंग्रजीत काही खोट होती.

मार्ग आईला सुचला. तिचा चुलतभाऊ शिरूरला राहायचा. त्याचा मुलगा ताईच्याच शहरात एका गोदामात कामाला होता आणि दर महिन्याला घरी पैसे पाठवायचा. "त्यानं ह्या वेळेला तिकडं हिला द्यावेत," आई म्हणाली, "आपण हिकडं भावाला देऊ. कुणाचं कमिशन नको न् काय नको." इतकं सोपं होतं ते. हे नियमात बसत नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी गेले असते.

वडील नको म्हणाले. "त्याला सांगायचं म्हणजे सगळ्या शिरूरला सांगायचं. बँकेतूनच पाठव परत. पुढच्या पगारावर बघू."

"तोवर खोली जाईल," मी म्हटलं.

"दुसरी मिळेल."

भाजीवाल्याशी आठ आण्यांसाठी वाद घालणारा माणूस. त्याला बँकेला दुप्पट द्यायला चालत होतं, कारण बँक शिरूरला राहत नव्हती. ताईनं आणखी एक महिना त्या घरात काढावा, हेही चालत होतं. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. न बोलण्याचा धाक माझ्यासारखीनं काय दाखवायचा, कोणाच्या लक्षातही आलं नाही. शेवटी आईनं जेवण सोडलं तेव्हा ते तयार झाले, पण कोर्सची गोष्ट सोडायची नाही या बोलीवर. "तू फक्त बस. बोलायचं ते मी बोलेन."

रविवारी वडील आणि मी एसटीनं न्हावऱ्यावरून शिरूरला गेलो. मामांचा मुलगा रविवारी दुपारी घरी फोन करायचा, म्हणून तो दिवस. मामांनी मुलाच्या पैशातून वर नवा मजला चढवला होता. मामींनी आल्या आल्या तो दाखवला, नळ सोडून दाखवला, गिझरसुद्धा दाखवला. मग चहा आला.

"थोरली कोर्स करतीय तिकडं," वडील म्हणाले. "फीला थोडे कमी पडलेत. तुमच्या पोरानं तिथं तिच्या कामावर नेऊन दिले तर आम्ही हे इथं आणलेत."

"आवो दाजी, त्यात काय इचारायचं?" मामा म्हणाले. पाकीट त्यांनी उघडूनही बघितलं नाही, तसंच मामींकडे दिलं. मग माझ्याकडे बघून हसले. "काय गं, तू काय बोलती का न्हाई? का मराठी इसरली?"

"लहानपणापास्नं तशीच हाय ती," मामी म्हणाल्या. "विंग्रजी शाळंत घातली न् मुकी झाली."

सगळे हसले. वडीलही हसले. मीही हसले असेन.

तेवढ्यात फोन वाजला. मामा फोनवर बोलायचे ते इंग्लंडपर्यंत असंच ऐकू जावं अशा आवाजात. "अरं, हितं दौंडचं पाव्हणं आल्यात. तुज्या ताईला जरा पैसं द्यायचं हायेत... व्हय, व्हय, तीच... फी भरायचीय म्हणं." पलीकडून मुलगा काहीतरी म्हणाला. मामांनी फोनवर हात ठेवून वडिलांना विचारलं, "दाजी, ह्यो म्हणतोय, जावई ह्याला दर आठवड्याला भेटत्यात. दुकानात. म्हंजी पोराला तिच्या कामावर हेलपाटा नको. आजच देतो म्हणतोय जावयाच्याच हातात. चालंल ना?"

मी वडिलांकडे बघितलं. कपबशी त्यांनी खाली ठेवली, पुन्हा उचलली. मला अजूनही खात्री आहे की ते नाही म्हणतील असं मला त्या क्षणापर्यंत वाटत होतं.

"चालेल," ते म्हणाले.

"चालंल म्हणत्यात रं," मामा फोनमध्ये ओरडले. "जावयाला दे. न्हाईतरी पैशाचा व्यवहार बायामाणसाच्या हातात कशाला? त्यो भरंल की फी. कवा भेटतोय म्हणलास? संध्याकाळी? मंग झालं तर..."

वडिलांनी माझ्या हातावर हात ठेवला. दाबला. गप्प बस, असा त्याचा अर्थ. इतकी वर्षं मी गप्पच होते, दुकानात, बँकेत, घरात, आणि माझ्या गप्प बसण्यावर सगळ्यांनी आपापली सोय करून घेतली होती. आता तेच पैसे संध्याकाळी त्या माणसाच्या खिशात जाणार होते आणि सोबत हेही, की तुझ्या बायकोला माहेरून चोरून पैसे येतायत. पुढे त्या घरात काय झालं असतं ते मला दिसत होतं. वडिलांनाही दिसत असणार. त्याचाच मला जास्त राग आला.

मी हात सोडवून घेतला आणि उठले. मामा फोनवर बोलत होते, म्हणून मला आवाज चढवावा लागला. माझा आवाज तेवढा मोठा असेल असं मला वाटलं नव्हतं.

"मामा, त्याच्या हातात नको. कोर्स वगैरे काही नाही. तो तिला घराबाहेर उभी करतो, तिचा पगार ठेवून घेतो. ताई त्याचं घर सोडतेय आणि हे पैसे तिच्या खोलीचे आहेत. त्याला कळता कामा नये. मुलाला सांगा, तिच्या कामावर जा आणि तिच्याच हातात दे."