एकोणचाळिसावं बटण

"नकाशा तुमचा, पेन्सिल तेवढी माझी," असं पट्टीकाका भेटेल त्याला सांगायचे. मोजणी खात्यात हयात गेलेला माणूस. निवृत्त झाल्यावर खिशात लाकडी पट्टी घालून ते दर रविवारी वस्त्या हिंडू लागले आणि आपली गल्ली आपणच कशी आखावी, हे लोकांना फुकट शिकवू लागले.

आमच्या गल्लीत ते आले तेव्हा खालच्या अंगाची सात घरं दर पावसाळ्यात पाण्यात जात. त्यातलं एक माझं. काकांनी शिंप्याच्या दुकानासमोर जुनी चादर अंथरली आणि तिच्यावर कोळशाने घरं, गटार, झाडं काढली. घरं एकोणचाळीस, म्हणून शिंप्याने एकोणचाळीस बटणं दिली. पाणी जिरवायचा शोषखड्डा आणि त्याभोवतीची झाडं जिथे हवीत, तिथे प्रत्येक घराने आपलं बटण ठेवायचं. एक जरी बटण डबीत उरलं तरी आराखडा पुरा नाही. त्या घरी जायचं, विचारायचं, मगच पुढे. या नियमाचा काकांना फार अभिमान होता, आणि तो त्यांना शोभायचाही.

"काका, एवढं तर लग्नातही कुणी विचारत नाही," शिंपी म्हणायचा.

"म्हणून तर मोडतात," काका म्हणायचे.

अडतीस बटणं वरच्या मोकळ्या जागेवर बसली. डबीत उरलं ते धुणेवाल्या मावशीचं. रविवारी ती लॉजवर खोल्या झाडायला जायची. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत आराखडा द्यायची शेवटची तारीख. काकांनी बटण तळहातावर घेतलं, बराच वेळ पाहिलं. "तीही हेच म्हणेल," म्हणाले आणि ठेवून दिलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

त्या जागेवर मावशी आठवड्याचे सहा दिवस लॉजच्या चादरी वाळवते, हे काकांना माहीत नव्हतं. रविवारी तिथल्या दोऱ्या सोडलेल्या असत, नुसते खांब उरत. आम्हाला मात्र माहीत होतं. अडतीसच्या अडतीस घरांना.

मंजुरी आली. खोदाई सुरू झाली त्या सकाळी ती ओल्या चादरींचं गाठोडं डोक्यावर घेऊन आली. तिचे खांब उपटून भिंतीला टेकवले होते.

"काका, आता चादरी काय तुमच्या झाडांवर वाळवू? झाडं मोठी होईपर्यंत गाठोडं घेऊन उभी राहू?"

"मावशी, तुम्ही इथे..."

"बावीस वर्षं. ऊन इथेच पडतं. चादरी वाळल्या नाहीत तर लॉजवाला उद्यापासून दुसरीकडे देईल." मग तिने आमच्याकडे पाहिलं. "का हो, कुणी सांगितलं नाही यांना?"

शिंप्याने गळ्यातली टेप काढली आणि पुन्हा घातली. मी माझ्या चपलेचा अंगठा न्याहाळत होतो.

"बरं, माझं बटण कुठे होतं?"

"मी ठेवलं," काका म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "तुम्हाला न विचारता. तारीख जवळ आली होती म्हणून." मग मजुरांकडे वळले. "थांबा. खड्डा बुजवा."

शिंपी पुढे झाला. "काका, आराखडा मागे घेतला तर यंदाची मंजुरी गेली. खालची घरं पुन्हा बुडतील!"

"बुडतील. पण हा कागद खोटा आहे. कचेरीत जाऊन सांगतो."

काका, चूक एकट्या तुमची नाही, एवढं बोलायला माझ्याच घराने पुढे व्हायला हवं होतं, कारण खड्डा माझ्यासाठीच खणला जात होता. पण पाणी उंबऱ्यावर चढतं तो दिवस डोळ्यांपुढे आला आणि मी दोन पावलं मागे सरकलो.

काकांनी नकाशाची गुंडाळी काखेत मारली आणि ते मोठ्या रस्त्याकडे निघाले. आम्ही आपापल्या दारांतून पाहत राहिलो. त्यांच्याबरोबर चार पावलंसुद्धा कुणी गेलं नाही. मावशीने तेवढं पाहिलं नाही. ती वाकून पहिला खांब रोवत होती.