मुठीमागं एक दाणा

अंबादासरावांची आणि माझी पहिली भेट भांडणात झाली, आणि ते भांडण माझ्या सासऱ्यांचं होतं. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्याला काही वर्षं झाली होती. जहागिऱ्या गेल्या, कुळांना हक्क देणारे कायदे आले, आणि ज्यांचं ज्यांचं काही गेलं होतं अशा मंडळींनी औरंगाबादेत एक पक्ष काढला. त्यात देशमुख होते, इनामदार होते, आडतदार होते, एकदोन जुने मुसलमान जमीनदारही होते. गुलमंडीत एका कापडदुकानाच्या माडीवर आमची कचेरी. अंबादासराव तिथले सेक्रेटरी.

त्या दिवशी उमेदवार ठरवायचा होता. अंबादासरावांनी प्रत्येक सभासदाच्या हातावर दोन दाणे ठेवले, एक ज्वारीचा आणि एक तुरीचा. ज्वारी म्हणजे एक उमेदवार, तूर म्हणजे दुसरा. मूठ मिटून पडद्याआड जायचं, हवा तो दाणा तुपाच्या रिकाम्या डब्यात टाकायचा आणि उरलेला शेजारच्या पोत्यात. लिहितावाचता येणारा असो की नसो, सगळ्यांना एकच रीत.

सासऱ्यांनी हात पुढे केला. "माझी तीस माणसं सभासद हायत. त्यांचे दाणे माझ्याकडंच द्या."

"तीस माणसं पाठवा, तीस जणांना देतो."

"ती काय माझ्या शब्दाबाहेर हायत का?"

"मंग भ्यायचं काय कारण?" अंबादासराव शांतपणे म्हणाले. "देशमुखसाहेब, इथं मुठीमागं एक दाणा. जमिनीमागं नाय."

सासऱ्यांनी रागारागानं तीस माणसं पाठवली. त्यांचा उमेदवार तरीही पडला. आमच्या घरात आठवडाभर कोणी मोठ्यानं बोललं नाही, आणि मी मात्र त्या म्हाताऱ्या सेक्रेटरीच्या प्रेमात पडलो.

म्हणजे माणूस काही पुरोगामी वगैरे नव्हता. निजामाच्या कोर्टात उर्दूतून वकिली केलेला, विटलेल्या शेरवानीतला, सोवळ्याओवळ्याचा इतका कडक की कचेरीत पाणीसुद्धा घरून आणायचा. कूळकायद्याविरुद्ध तासतासभर भाषणं ठोकायचा. त्यातलं बरंच मला तेव्हाही पटत नसे. मी सासऱ्यांच्याच घरी राहून त्यांच्या आडतीवर बसत असे, म्हणून अंबादासराव मला जावईबापू म्हणत. एकदा मी त्यांना विचारलं, की हा दाण्यांचा खटाटोप कशासाठी? चार मोठी माणसं बसून नाव ठरवतील की.

"जावईबापू," ते म्हणाले, "उभा जलम हुजूर हुजूर करत वकिली केली. राज्य कुणी करावं, हे मला कुणी इचारलं नाय. आता सरकार मला इचारतंय. मंग मी दुसऱ्याला इचारल्याबिगर कसा राहू?" थोडं थांबून म्हणाले, "आन् आणखी एक. गरिबांच्या पक्षाला लोकशाही शिकवावी लागत नाय. त्यांच्याकडं माणसं हायत. शिकायचं हाय आपल्याला. आपण नाय शिकलो, तर ही लोकशाहीची इमारत दुसरं कुणी नाय, आपणच पाडू."

शिकायची संधी आम्हाला भरपूर मिळाली, कारण आम्ही सारखे पडत होतो. निकाल लागला की अंबादासराव आम्हा सगळ्यांना घेऊन विजयी उमेदवाराच्या घरी निघत. तो मुकुंदवाडीचा, मजुरांच्या पक्षाचा, सत्तेतल्या पक्षाच्या पाठिंब्यावर निवडून येणारा. सासरे दरवेळी डोकं दुखतंय म्हणून टांग्यातच बसून राहायला बघत. "तिथं चहात आलं घालतात, उतरा," असं म्हणून अंबादासराव त्यांना उतरवत. दारात उभं राहून म्हणत, "मुबारक हो. आम्ही हरलो. आता तुम्ही आमचेबी आमदार." स्वतः मात्र सोवळ्यापायी तो चहा घेत नसत. यावरून मी त्यांना एकदा टोकलं. "त्यो दोष माझा हाय," एवढंच म्हणाले, आणि शेवटपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

मग एका वर्षी वारं फिरलं. सत्तेतली माणसं आपसांत भांडली आणि आमचा उमेदवार निवडून येणार असं गावोगाव लोक बोलू लागले. दाणे वाटले गेले. ज्वारी एका बड्या ठेकेदाराची, तो नुकताच सत्तेच्या पक्षातून आमच्यात आलेला. तूर फर्दापूरच्या एका शाळामास्तराची. डबा ओतला तेव्हा सतरंजीवर तूरच तूर. अंबादासराव लहान मुलासारखे हसले. त्यांना तसं हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

तिसऱ्या दिवशी पक्षाचे वरिष्ठ पुढारी आले. त्यांनी सगळ्यांना पुन्हा बोलावलं. "यंदा आपल्याला जिंकायचं आहे," ते म्हणाले. "हा दाण्यांचा खेळ पुरे झाला. ठेकेदारसाहेबांना ज्यांची संमती असेल त्यांनी हात वर करा."

पहिला हात सासऱ्यांचा गेला. मग एकेक करत सगळे. त्या खोलीतल्या निम्म्याहून जास्त लोकांनी परवाच तूर टाकली होती. सासऱ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि माझाही हात वर गेला. शेवटी मास्तरांनी स्वतःचा हात वर केला.

"मास्तर, तुमीबी?" अंबादासरावांनी विचारलं. मास्तर खाली सतरंजीकडे बघत राहिले. एकटे अंबादासराव गुडघ्यांवर हात ठेवून बसून होते.

आम्ही जिंकलो. मिरवणुकीत गुलालानं माझे कपडे लाल झाले. त्यानंतर पक्षात कुठल्याच गोष्टीसाठी कुणाला विचारलं गेलं नाही, आणि कुणाला त्याचं काही वाटलंही नाही. अंबादासराव कचेरीत यायचे बंद झाले. बऱ्याच महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ते खाटेवर होते. आवाज बसला होता.

"आजवर कुणाला इचारलं नाय, तुम्हाला इचारतो," ते म्हणाले. "तुम्ही डब्यात काय टाकलं व्हतं?"

"तूर."

मला वाटलं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मंग गफलत माझीच झाली, जावईबापू. मी तुम्हाला मूठ झाकायला शिकवलं. लई चांगलं शिकलात. तोंड उघडायला शिकवायचं राहून गेलं. आता येळ नाय."

मी म्हणालो, अजून सगळं बिघडलेलं नाही, पुढच्या खेपेला आपण पुन्हा सुरू करू. माझं मलाच ते खोटं वाटलं. त्यानंतर दोन आठवड्यांनी ते गेले.

शोकसभा कचेरीतच झाली. ठेकेदार आता आमदार होते, ते अंबादासरावांना लोकशाहीचे पुजारी म्हणाले. सासऱ्यांना रडू आवरलं नाही, आणि ते रडणं खरं होतं. सभा संपता संपता आमदारांनी खिशातून एक लिफाफा काढला. सेक्रेटरीच्या रिकाम्या झालेल्या जागेसाठी वरून नाव आलं होतं. नाव माझं होतं.

"कुणाची हरकत?" त्यांनी विचारलं.

कुणीच बोललं नाही. मला बोलता आलं असतं. 'आधी दाणे वाटू' हे ओठांपर्यंत आलंही होतं. मी उठलो, मान वाकवली आणि हार घालून घेतला.