‘संपूर्ण’ संचात नसलेली हाक

जॅझच्या एका जुन्या रेकॉर्डिंगचा नवा संच परवा धुळ्याच्या घरी आला. एकाच धुनेचे सगळे टेक, म्हणजे पुन्हापुन्हा केलेलं प्रत्येक ध्वनिमुद्रण, मधलं वादकांचं बोलणंसुद्धा. कोऱ्या पुठ्ठ्याच्या वासाने नानाकाकांची खोली आठवली. मित्राची रेकॉर्ड लावून ती टेप करायला त्यांनी समोर टेपरेकॉर्डर ठेवला होता आणि आम्ही श्वास रोखून बसलो होतो. सॅक्सोफोन वर चढत असतानाच, चहा निवतोय म्हणून स्वयंपाकघरातून आईची अहिराणीत हाक आली, “नाना, चहा थंडा व्हयी राहिना.” काकांनी कपाळावर हात मारला. रेकॉर्ड त्याच दुपारी परत गेली. पुढे वर्षानुवर्षं आम्ही तीच कॅसेट ऐकली.

आता सगळे टेक ऐकले. हाकेची ती जागा आली की मी थबकतो, वादन मात्र सरळ पुढे जातं. संचावर ‘संपूर्ण’ छापलंय. मग काय राहिलं, ते कंपनीला कसं विचारायचं?