अप्पांबरोबर रांगेत उभे राहताना

मन्मथअप्पांच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथासाठी लिहायला बसलो आणि आठवला तो त्यांच्या लातूरच्या कचेरीचा उभा जिना. अप्पा पेशाने कर सल्लागार. मी एका कोचिंग क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो. विवरणपत्र भरून घ्यायला पहिल्यांदा वर गेलो, तेव्हा नमस्कार पुरता होण्याआधीच, जिन्यावरची माझी पावले ऐकून त्यांनी विचारले, "सर, पाय कोणता?"

भूकंपात माझा डावा पाय गुडघ्याखाली गेला. कृत्रिम पायावर मी दिवसभर फळ्यासमोर उभा राहत असे, पण क्लासमध्ये कुणालाच ते ठाऊक नव्हते. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लास निघत होते. लंगडा मास्तर बदलायला मालकांना कितीसा वेळ लागणार, ही मला धास्ती. त्यामुळे अप्पांनी अपंगांच्या करसवलतीचा विषय काढताच मी फणकारलो, "मी धडधाकट आहे!"

"धडधाकट हायत म्हणून तर कमवायलेत. ही खैरात न्हाई सर, कायद्यानं दिलंय. अन् मालकाला सांगायची गरज न्हाई, विवरणपत्रात थेट मागता येतंय."

दुसऱ्या दिवशी मी भूकंपग्रस्ताचे कार्ड घेऊन हजर. तो कागद सगळीकडे चालतो, अशी आम्हा भूकंपग्रस्तांची ठाम समजूत! अप्पा पोट धरून हसले. "ह्याच्यावर पत्र्याचं शेड मिळालं असंल. आयकरवाल्यांना सिव्हिल सर्जनचा दाखला लागतो."

सिव्हिल हॉस्पिटलातल्या तपासणीच्या दिवशी कचेरी बंद ठेवून अशिलासोबत रांगेत उभे राहायचे, हा अप्पांचा शिरस्ता. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. "तोंड का लपवायलेत? चोरी केली का आपण?" ते चारचौघांत म्हणाले. मला भयंकर राग आला होता. आज त्या रागाचीच लाज वाटते.

दाखला मिळाला, सवलतही मिळाली. पुढे निलंगा-बिलोलीकडून येणाऱ्या अपंग अशिलांना चढावे लागू नये, म्हणून अप्पांनी आपले टेबलच खाली आणले. मी मात्र दोन वर्षे सवलत गुपचूप घेत राहिलो. अप्पांनी त्यावरून कधी टोकले नाही, की कुणापाशी चकार शब्द काढला नाही.

तिसऱ्या वर्षी मीच दाखल्याची प्रत मालकांसमोर ठेवली.  वाचून ते एवढेच म्हणाले, "मग इतके दिवस उभे का राहिलात?" दुसऱ्या दिवशी फळ्याशेजारी उंच स्टूल आले. अप्पांना सांगितले, तर त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि चहा मागवला.

अशा माणसाचा अशील म्हणवून घेताना माझी मान ताठ होते. अप्पा, आपणास निरोगी, उदंड आयुष्य लाभो. त्या स्टुलासाठी विद्यार्थ्यांना मी आजवर पाठदुखीचे कारण सांगत आलो. हा गौरवग्रंथ तेही वाचतील. वाचू देत.